येडं म्हणणारं माणूस

आमच्या घरात 'येडं' हा शब्द मिठासारखा होता, कशातही पडायचा. पोरगं ओट्यावरून घसरलं की 'येडं हाय का', पाहुणा जेवायला नको म्हणाला की 'येडे का काय पाव्हणं, बसा', आणि थंडीत किक मारून मारून दमलो तरी सुरू झाली नाही की मोटारसायकलसुद्धा येडी. माझ्या वडिलांकडं मी चौथी-पाचवीत जाईपर्यंत मेंढरं होती. कळपातून मागं राहिलेल्या मेंढीला ते ज्या सुरात 'ए येडे, चल' म्हणायचे, त्याच सुरात आम्हा भावंडांना हाक मारायचे, आणि आम्हीही मुकाट उठून जायचो. पुढं त्यांनी मेंढरं विकली, विहीर पाडली, ऊस लावला. मेंढरं गेली तरी तो सूर घरात राहिला.

या शब्दाचे भाऊबंदही पुष्कळ होते आणि प्रत्येकाचं काम वेगळं. खुळं म्हटलं की त्यात थोडी कीव असायची. बावळट हा मास्तरांचा शब्द, छडीबरोबर यायचा. अर्धवट म्हटलं की भांडण ठरलेलं. जो कुणीच करत नाही ते करतो तो चक्रम, म्हणजे आमच्या वस्तीवरचा एक जण बैलांना बसवून पेपर वाचून दाखवायचा तो. पुढं मी रांजणगावला कंपनीत लागलो आणि तिथं सर्किट, मेंटल, क्रॅक अशी नवी भरती झाली. यूपी-बिहारची पोरं शेजारच्या मशीनवर असायची, ती दिवसातून दहा वेळा 'पागल है क्या' म्हणायची आणि आपला डबा पुढं सरकवायची. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण एकदा सुपरवायझर सगळ्या लाइनपुढं मला नुसतं 'मेंटल' म्हणाला, तर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. कोण म्हणतंय आणि कुणापुढं म्हणतंय, यावर सगळं असतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणूनच पुढं जे केलं त्याला मला कसलीही सबब नाही.

माझी बायको दौंड तालुक्यातली, रेल्वे लाइनीच्या कडेच्या एका गावची. लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर ती माझ्याशी होय-नाही एवढंच बोलायची. एके दिवशी पहाटे फर्स्ट शिफ्टच्या गडबडीत मी कंपनीचा सदरा उलटा घातला आणि डबा घेऊन निघालो. ती चुलीपुढं होती. तिनं वर पाहिलं आणि लगेच नजर वळवून भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "अगं बाई, येडं हाय का हे माणूस! शिलाई भायेर आन् निघालंय कामाला." बाहेर माझी आई गाईची धार काढत होती, ती जोरात हसली. मी उंबऱ्यातच सदरा काढून पुन्हा घातला. आमचा संसार माझ्या लेखी त्या दिवशी सुरू झाला.

आमच्याकडं नवरा-बायकोनं एकमेकांशी गोड बोलायची पद्धत नाही. ती मला नावानं हाक मारणार नाही, मी तिचं नाव चारचौघांत घेणार नाही. मग उरतं काय? आमच्याकडं हा एक शब्द उरला होता. बाजारातून मी तिच्यासाठी बांगड्या आणल्या आणि त्या लहान निघाल्या, तेव्हा मी येडं माणूस होतो. ती माझ्या ताटात तिसरी भाकरी गुपचूप सरकवायची तेव्हा ती येडी होती. ती माझ्याशी अहो-जाहोनंच बोलायची, फक्त हा शब्द येताना ते अहो-जाहो गळून पडायचं. मी सेकंड शिफ्ट करून आलो की जेवताना ती दिवसभराचं सगळं सांगायची. कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेला कोण काय बोललं, शाळेत मास्तर किती वाजता आले. मी निम्मं ऐकायचो. निम्मं ऐकूनही सगळ्या गावाची खबर मला व्हायची.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आमच्या वॉर्डातली जागा ओबीसी बाईसाठी राखीव निघाली. गावातला सगळा कारभार आप्पांच्या हातात होता. सरपंचही तेच, आणि कारखान्याची ऊसतोडीची टोळी कुणाच्या शेतात आधी शिरायची हेही त्यांच्याच शब्दावर. ते आमच्या वस्तीवर आले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "तुझ्या मंडळीचा फॉर्म भरू." तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती नववीपर्यंत शिकलेली होती, सही झोकात करायची, तेवढं पुरे होतं. ती बिनविरोध निवडून आली.

मेंबर ती झाली आणि मीटिंगला मी जायचो. ही आमच्या गावची रीतच होती. बाई मेंबरच्या नावाच्या खुर्चीत तिचा नवरा बसायचा, चहा प्यायचा, मान डोलवायचा. दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा आणि बाई भाकरीच्या हातानंच सही करायची. आमच्या पंचायतीच्या रजिस्टरांत जागोजाग पिठाची बोटं असतील. पण माझी बायको सही करायच्या आधी वाचायची. शिपाई दारात ताटकळायचा, मी म्हणायचो, "ए येडे, कर की सही, त्याला अजून चार घरं हायेत." ती पान संपवूनच सही करायची.

अशाच एका पानावर तिनं वाचलं की गावात बायकांसाठी सार्वजनिक शौचालयाला पैसे मंजूर झालेत आणि पुढच्या ग्रामसभेत जागा ठरायची आहे.

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या कंपनीची बस पहाटे अंधारातच फाट्यावरून निघायची. तेव्हा घराघरांत संडास नव्हते आणि बायका त्याच वेळी रस्त्याच्या कडेला बसलेल्या असायच्या. गाडीचा उजेड पडला की त्या उठून पाठ करून उभ्या राहायच्या, उजेड गेला की पुन्हा बसायच्या. रांजणगावला कंपन्या वाढल्या तशा गाड्या वाढल्या, आणि गाड्या वाढल्या तसं त्यांचं उठणंही वाढलं. गाडीत कुणीतरी 'सलामी' म्हणायचं आणि हसू फुटायचं. मीही हसलोय. एकदा हे मी घरी गंमत म्हणून सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तुमच्या गाडीच्या उजेडात मी बी उभी ऱ्हाते कवा कवा." मी जेवत होतो. हातातला घास मी ताटात ठेवला. त्या दिवसापासून मी गाडीत मधल्या बाजूला बसायला लागलो आणि गाव मागं पडेपर्यंत आपल्या पायांकडं बघायला लागलो.

तेव्हा शौचालयाचं तिनं का एवढं मनावर घेतलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आप्पांनी जागा मनात ठरवलेली होती. एसटीच्या स्टॉपला लागून, रस्त्यावर, पानटपरीच्या शेजारी. त्यांचं म्हणणं, तपासणीला साहेब लोक येतात ते जीपमधून उतरत नाहीत, काम त्यांना गाडीतून दिसलं पाहिजे. हिचं म्हणणं अगदी उलट. जे गाडीतून दिसतं तिथं बाई जाणार कशी? तिनं चार-पाच बायका गोळा केल्या आणि दुपारची कामं उरकून त्या गावभर हिंडल्या. शाळेच्या मागं ओढ्याच्या अंगाला बाभळींच्या आड एक मोकळी जागा होती. जवळ हातपंप होता, गावातून आणि वस्तीवरून दोन्हीकडून वाट होती. त्यांनी पावलं टाकून अंतर मोजलं, कुठल्या घरापासून किती पडतं ते पाहिलं. हिनं ते सगळं पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. बायकांना तिनं शब्द दिला, "सभेत मी बोलते."

आठ दिवस ती घरात भाषणाची तयारी करत होती. चुलीपुढं बसून, फुंकणी हातात घेऊन. "आप्पा, ती जागा नगं," असं सुरू करायची आणि तिला हसू यायचं. मी खाटेवर पडून ऐकायचो आणि म्हणायचो, "येडे, आधी सगळ्यांना नमस्कार म्हणायचं असतं." मग ती नमस्कारापासून सुरू करायची. मला मनातून तिचा अभिमान वाटायचा. खरंच वाटायचा. पण तो मी तिला कधी बोलून दाखवला नाही. मी येडे म्हणायचो, आणि त्यातच सगळं आलं असं मला वाटायचं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर देवळापुढच्या मंडपात ग्रामसभा भरली. निघताना ती म्हणाली, "आज माझ्या खुर्चीत मी बसू का?" मी म्हटलं, "येडी का तू? सगळ्या बायका खाली बसणार आन् तू एकटी वर?" ती हसली, बरं म्हणाली आणि वस्तीवरच्या बायकांत सतरंजीवर जाऊन बसली. मी तिच्या खुर्चीत बसलो.

ग्रामसेवकांनी विषय वाचला. मंडप शांत होता, म्हणजे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. ती उठली. पदर नीट केला. म्हणाली, "आप्पा, मला बोलायचंय."

आप्पा म्हणाले, "बोल की सूनबाई, आपलंच घर हाय."

नमस्कार ती विसरलीच. पण बाकी काही विसरली नाही. "आप्पा, ती जागा नगं. तितं स्टॉपवर दिसभर माणसं बसत्यात. बाईमाणसानं डबा घिऊन त्यांच्या म्होरनं कसं जायचं? आमाला आडोसा पायजे. शाळंच्या मागं जागा हाय, पंप जवळ हाय, आमी चालून बघितलंय." तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर तो सरळ झाला. तिच्या हातात पोराची वही होती, पण तिनं ती उघडलीही नाही.

त्या गावच्या सभेत बाई उभी राहून बोलली होती आणि बरोबर बोलली होती, त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "काय रं, हे तुझं म्हणणं हाय का?"

मला एवढंच म्हणायचं होतं की हो, आमचं दोघांचं हाय. किंवा तेही नाही, नुसतं 'तिचं म्हणणं हाय, तिला इचारा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. येत्या हंगामात आमचा ऊस तुटायचा होता, टोळी आप्पांच्या शब्दावर येणार होती, हे माझ्या डोक्यात आलं असेल. आलंच होतं, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून जे गेलं ते विचार करून गेलं नाही. रोजच्या सवयीनं, अगदी सहज गेलं. मी हसलो आणि म्हणालो, "न्हाई न्हाई आप्पा. येडी हाय ती. तिचं काय मनावर घिऊ नका."

आणि सगळा मंडप हसला. सुटका झाल्यासारखा हसला. आप्पा हसले, ग्रामसेवक हसले, मागं उभी असलेली पोरं हसली. मीही हसत राहिलो, कारण थांबलो असतो तर तिच्याकडं बघावं लागलं असतं.

शेवटी बघितलंच. ती रागावलेली नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, ओळखीच्या माणसासारखा कुणी दिसला आणि जवळ गेल्यावर तो भलताच निघाला, तसं. मग ती खाली बसली. थोड्या वेळानं वस्तीवरच्या बायका एकेक करून उठून गेल्या. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन आला. ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, आणि ग्रामसेवक मेंबरांची नावं पाळीपाळीनं लिहून टाकत. त्या ठरावावर अनुमोदक म्हणून माझ्या बायकोचं नाव आलं होतं. रस्त्याकडंच्या जागेला तिचं अनुमोदन. मी ते वाचलं. शिपायाला परत पाठवता आलं असतं, नाव बदला म्हणता आलं असतं. ती आतून पीठ झटकत आली आणि आयुष्यात पहिल्यांदा न वाचता म्हणाली, "कुठं करू सही?" मी बोट ठेवून जागा दाखवली.

शौचालय बांधून झालं. निळा रंग दिला, भिंतीवर सगळ्या मेंबरांची नावं रंगवली, त्यात चौथं तिचं. साहेब येऊन गेले, जीपमधूनच बघून गेले. एकही बाई तिथं गेली नाही. वर्षभरात टपरीवाल्यानं त्यात सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट ठेवले, पुढं कुणीतरी कडबा भरला. माझी पहाटेची गाडी रोज त्याच रस्त्यानं जायची. वळणावर गाडीचा उजेड आधी त्या निळ्या भिंतीवर पडायचा, तिच्या नावावर, आणि मग पुढं कडेला उभ्या राहिलेल्या बायकांवर. मी पायांकडं बघायचो. पण भिंतीवर काय लिहिलंय हे मला न बघताही दिसायचं. आप्पांनी त्या वर्षी आमच्या उसाला टोळी लवकर पाठवली.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. तिनं स्वयंपाक केला, डबा भरला, माझ्या आईची शेवटची दोन वर्षं तिनंच काढली. पोरांना ती येडं म्हणायची, शेजारणींशी खिदळायची. फक्त जेवताना ती मला काही सांगेनाशी झाली. मी विचारायचो, आज काय झालं गावात? ती म्हणायची, "मला काय कळतंय." रागानं नाही, साधंच. पाच वर्षं संपली. पुढच्या वेळी जागा खुली झाली होती, तरी बायकांनी तिला उभी राहा म्हणून गळ घातली. त्यांनाही तिनं हेच सांगितलं, मला काय कळतंय. पुढं घरोघरी संडास बांधायची योजना आली, तेव्हा तिनं गवंड्याशी स्वतः बोलून आमच्या घरामागं, तिला पाहिजे त्याच जागी बांधून घेतला. मी कामावरून आलो तर पाया खणून झाला होता. "तुमाला इचारायचं ऱ्हायलं," ती म्हणाली.

एकदा मी धीर केला. मळ्यात कांदे काढत होतो दोघं. म्हटलं, "त्या दिवशी मी तसं बोलाया नको होतं."

"कवा?"

"सभेत."

"ते व्हय," ती म्हणाली. "ते कवाच इसरले मी." आणि कांद्याची पात कापत पुढच्या वाफ्यात गेली. मला तिच्यामागं जाता आलं असतं. मी माझा वाफा संपवत बसलो.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या पंधरा ऑगस्टनंतर ती मला एकदाही येडं म्हणालेली नाही. मी आठवून आठवून पाहिलं. पोरं मोठी झाली, न्हावऱ्याला कॉलेजात गेली, घरावर स्लॅब पडला, एवढ्या वर्षांत मी येडेपणा काही कमी केला नव्हता. कुलपाची किल्ली आतच ठेवून कुलूप लावलं, दौंडला जायचं तर शिरूरच्या गाडीत बसलो. दरवेळी मी वाट बघायचो. दरवेळी ती "असू द्या" म्हणायची. अहो-जाहो आता कधीच गळून पडत नव्हतं.

मीही तिला तसं म्हणायचं सोडलं होतं. तिच्याबरोबर बाकीच्यांनाही म्हणायचं सोडलं. धाकटी लेक एकदा म्हणाली, साहेब लोकांसारखं किती शुद्ध बोलायला लागलात तुम्ही.

शेवटी एकदा मी मुद्दाम केलं. सांगायला लाज वाटते, चाळिशी ओलांडलेला बाप्या मी. फर्स्ट शिफ्ट होती. कंपनीचा सदरा घेतला, आतली बाजू बाहेर केली आणि घातला. बटणं लावायला वेळ लागला, उलट्या बाजूनं ती लवकर सापडत नाहीत. मग डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्यापुढं उभा राहिलो. चुलीच्या जागी आता गॅस होता. तिनं वर पाहिलं. शिलाई, खिशाची उलटी बाजू, सगळं तिला दिसलं. क्षणभर मला वाटलं, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात तो शब्द आलाय.

"अहो," ती म्हणाली, "सदरा उलटा घातलाय तुम्ही."

तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि भाजी हलवायला वळली. मी उंबऱ्यात जाऊन सदरा काढला, सरळ केला, पुन्हा घातला. फाट्यावर गाडीनं हॉर्न दिला तेव्हा मी अजून बटणंच लावत होतो.